गंज म्हणजे नक्की कोणता? भांडं, कडबा, बाजार की लोखंडावरचा?

संत्रासाल
लग्न होऊन साताऱ्याजवळच्या गावात आले त्याला सात महिने झाले. माहेर नागपूरचं. परवा सकाळी दूध उतू जायच्या बेताला आलं म्हणून मी ओरडले, "आई, मोठा गंज कुठंय?" सासूबाई पूजा अर्धी टाकून आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "कुठल्या भांड्याला गंज दिसला गं तुला? दर दिवाळीला चिंच लावून मी स्वतः घासते सगळं." तेवढ्यात अंगणातून सासरे म्हणाले, "गंज व्हय, गोठ्यामागं हाय की. सांजच्याला झाकायची हाय, आभाळ आलंय."

दूध उतू गेलंच. गंज म्हणजे आमच्याकडे उभट पातेलं, हे समजावून सांगेपर्यंत शेगडी भिजली होती. नंतर तिघंही पोट धरून हसलो. पण सासूबाईंचा तो पहिल्या क्षणीचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना वाटलं, सून घर अस्वच्छ आहे म्हणतेय.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. भांड्याचा गंज, कडब्याची गंज, लोखंडाचा गंज. हा एकच शब्द आहे की तीन वेगळे? तुमच्या भागात काय म्हणतात? आणि लोखंडावरच्या त्या तांबड्या थराला आणखी कोणती नावं आहेत? जे आठवेल ते लिहा.

पिंपळपार
दर दिवाळीला चिंच लावून भांडी घासणाऱ्या सासूबाईंना नमस्कार सांगा. बाकी मागून लिहितो.

वर्धाकाठ
ताई, आमच्या घरी तर दुधाचा गंज, वरणाचा गंज, पाण्याचा गंज, सगळे मांडणीवर रांगेत असतात बाप्पा. माझ्या आजीच्या हाताखालचा जर्मनचा गंज अजून आहे, बूड पार चेपलंय. तुमच्या घरातल्या घोळाचं कारण सांगतो. आपल्याकडे लोखंडाला "जंग" लागतो. "सायकलीले जंग चढला" असंच म्हणतात. म्हणून गंज हा शब्द भांड्यासाठी मोकळा राहिला आणि आपल्याला लहानपणी कधी अडचण आली नाही. पुण्या-साताऱ्याकडे जंग फारसा बोलत नाहीत, तिथे गंजच चढतो. शब्द एकच, पण घरं बदलली.

सुडी_वळई
सासऱ्यांच्या बोलण्यात उत्तर आहे बघा. ते म्हणाले "झाकायची". कडब्याची गंज स्त्रीलिंगी. लोखंडावरचा गंज पुल्लिंगी, तो चढतो. भांड्याचा गंजही पुल्लिंगी, तो मात्र घासतात. बोलणारा माणूस लिंगावरून बरोबर ओळखतो. परका गोंधळतो.

राहता राहिलं गंज रचायचं. ते काम येरागबाळ्याचं नाही. खाली दगड किंवा लाकडं टाकून बूड उचलून घ्यायचं, नाहीतर वाळवी लागते. पेंढ्यांची बुडखं बाहेर, शेंडे आत. वर निमुळतं आणत जायचं म्हणजे पाणी थांबत नाही, घरंगळून जातं. माझे चुलते गंज लावायला लागले की शेजारच्या वस्तीवरची पोरं बघायला यायची. आता कुट्टी करून पोत्यात भरतात, रचणारा हात उरला नाही.

बालाघाट
आमच्याकडे त्याला बणीम म्हणतात. गंज नाही.

सुडी_वळई
@बालाघाट, वळईही म्हणतात ना तुमच्याकडे? आमच्या शिवेपलीकडच्या गावात बुचाड म्हणतात. सुडी वेगळी, ती खळ्यावर न्यायच्या आधीची, कणसांसकट.

बालाघाट
वळई लांबट असते, बणीम गोल. आमच्या वडिलांसमोर कुणी बणमीला वळई म्हटलं तर ते कामाला लावून दाखवायचे.

चिरेबंदी
आमच्या कोकणात भाताच्या पेंढ्याची उडवी. कडबाच नाही तर गंज कुठली? पण लोखंडावरचा गंज मात्र भरपूर, त्यावर सविस्तर लिहितो रात्री.

गोलाईकर
लातूरचं नाव आल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. आमच्या शहराचा मध्य म्हणजे गंजगोलाई. गोल बांधलेली दुमजली बाजारपेठ, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आराखडा केला, मुख्य बांधकाम 1917 चं. प्रत्येक रस्त्याला एकेका मालाची दुकानं ठरलेली. आडतीत गूळ, तूर, हरभरा यायचा. हा गंज फारसीतला. फारसीत गंज म्हणजे खजिना, साठा. त्यावरून धान्याचं कोठार आणि पुढे घाऊक बाजार. औरंगाबादेतला शहागंज, अहमदनगरचा गंजबाजार (शहरांची नावं आता बदलली, बाजारांची तीच आहेत), पुण्यातली गंज पेठ, जिथे महात्मा फुल्यांचा वाडा आहे आणि जिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. उत्तरेतले हजरतगंज, दर्यागंज याच रांगेतले.

आणि एक वापर कुणी लिहिला नाही. आमची आजी म्हणायची, "गंज दिवस झाले गं तुला बघून." गंज म्हणजे पुष्कळ. "लग्नाला गंज माणसं आली होती." साठा, रास, ढीग आणि मग पुष्कळ, हे मला एकाच ओळीत उभे दिसतात.

शाईदौत
@गोलाईकर यांच्याशी सहमत. रास, बाजार, पुष्कळ हे एका घरातले. भांडंही "ज्यात साठवायचं ते" म्हणून त्या घराच्या ओसरीवर बसू शकेल. लोखंडावरचा मात्र त्या घरातला वाटत नाही. त्यात साठणं नाही, खाणं आहे.

फारसीत गंजाला "झंग" म्हणतात आणि लढाईला "जंग". हिंदीत अक्षराखालचं टिंब, म्हणजे नुक्ता, गळला आणि दोन्ही जंग एकसारखे ऐकू यायला लागले. तांब्यावर जो हिरवा थर चढतो त्याला जुन्या मराठीत जंगाल म्हणत, तोही याच झंगचा नातेवाईक.

घाटमाथा
इंदूरला नोकरीला असताना गाडी बंद पडली. मेकॅनिक खाली वाकून म्हणाला, "साहब, मोर्चा लग गया है." मी रस्त्याकडे बघितलं, म्हटलं कुठल्या पक्षाचा? 😀 हिंदीत गंजाला मोरचाही म्हणतात हे त्या दिवशी कळलं. सायलेन्सर खालून पार खाल्ला होता.

दर्यावर्दी
गंजीचं पण घ्या. रायपूरला गंजी म्हणजे पातेलं, म्हणजे नागपूरचाच सख्खा भाऊ. कोलकात्यात गंजी म्हणजे बनियन. मंगळूरला गंजी मागाल तर ताटात पेज येईल. ती बनियनवाली गंजी आणि आमच्या आजोबांचा गंजीफ्राक मात्र ग्वेर्न्सी बेटाच्या विणलेल्या सदऱ्यावरून आले, त्यांचा भांडं, कडबा, लोखंड यांच्या गंजाशी संबंध नाही. जहाजावर असताना एकाच महिन्यात दोन बंदरांत दोन गंज्या भेटल्या होत्या.

भट्टीवाला
तीस वर्षं धातूंमध्ये गेली, म्हणून लोखंडाच्या गंजावर लिहितो. थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, गंज हा शब्द फक्त लोखंडाचा. पितळेला गंज चढत नाही, तांब्याला चढत नाही. पितळ काळवंडतं, तांब्यावर हिरवं येतं, आणि कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. मराठीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे. संत्रासाल यांच्या सासूबाई चिंचेने जे घालवतात ते काळवंडणं. तेव्हा त्यांच्या भांड्यांना गंज नव्हता, हे शास्त्रानेही खरं आहे. हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

दुसरी गोष्ट. गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. उकळून गार केलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर देऊन खिळा ठेवला तर तो बराच काळ टिकतो. अगदी कोरड्या हवेतही टिकतो. दोन्ही एकत्र आले की लोखंड परत आपल्या मूळ रूपाकडे निघतं. खाणीतून ते ऑक्साइड म्हणूनच येतं, आपण भट्टीत दगडी कोळशाच्या जोरावर प्राणवायू हिसकावून घेतो, आणि पाऊसपाणी तो हळूहळू परत देतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड येतं, पण ते घट्ट बसतं आणि आतल्या धातूला झाकतं. लोखंडाचा गंज सच्छिद्र, भुसभुशीत. तो सुटतो, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं, तेही गंजतं. म्हणून गंजाला थांबा नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम घालतात ते याचसाठी. क्रोमियमच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो, ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो. पत्र्यावर जस्त चढवतात त्याचं तंत्र वेगळं. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं.

पिंपळपार
दिल्लीचा लोहस्तंभ मग कसा गंजला नाही?

भट्टीवाला
@पिंपळपार, तो गंजला आहे, पण नेमका हवा तेवढा. कुतुबमिनारच्या आवारातला तो स्तंभ गुप्तकाळातला, सुमारे 1600 वर्षांचा, उंची 7 मीटरच्या थोडी वर, वजन 6 टनांहून जास्त. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण आजच्या पोलादापेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्यामुळे गंजाच्या पहिल्या थराखाली फॉस्फेटचं एक घट्ट अस्तर बनलं आणि त्याने पुढचा गंज अडवला. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आली. तो स्तंभ कोकणच्या किनाऱ्यावर असता तर एवढं सोपं गेलं नसतं.

चिरेबंदी
शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण दुजोरा. आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज, बिजागऱ्या, विहिरीच्या रहाटाचा कणा, काही काही सुटत नाही. पत्रा बरा दिसतो तोवर त्याचे खिळे गेलेले असतात. पहिला गंज नेहमी खिळ्याच्या भोकाभोवती. माझे वडील दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळ्या गजांना घासकागद मारून तांबडा रेड ऑक्साइड लावायचे. लहानपणी मला विचित्र वाटायचं की गंज घालवून त्यावर परत गंजाच्याच रंगाचं काहीतरी का लावतात.

आता मला वाटतं आमचं अख्खं कोकणच गंजाच्या रंगाचं आहे. आमचा जांभा दगड लाल का? लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. लाखो पावसाळे खडकातलं बाकी सगळं धुऊन नेतात, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतं आणि गंजतं. खाणीत चिरा कापताना तो मऊ असतो, हवेवर ठेवला की कडक होतो. त्याच चिऱ्याच्या भिंती, त्याच मातीची धूळ, पहिल्या पावसात त्याच रंगाचं पाणी पऱ्ह्याला.

आणि काव! गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाची जी नक्षी दिसते ती कावेची. ओल्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो हवा तिथे कोरून काढतात, खालचा पांढरा चुना उघडा पडतो. तो तांबडा रंगही लोखंडाचाच. जे गजांना खातं तेच भिंतीवर फूल होऊन उभं राहतं. कुणी रंगरंगोटीच्या नावाखाली अशा भिंतीवर ऑइलपेंट फासला की जीव तुटतो. आमच्या जवळच्या एका देवळात हे डोळ्यांदेखत झालं आणि आम्ही वेळेवर बोललो नाही.

तिसरा_मजला
इथे गप्पा छान चालल्यात, पण मला गंज म्हटलं की पोटात गोळा येतो. आमची इमारत मुंबई उपनगरात, चाळीस वर्षांची. एके दिवशी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातला छताचा पोपडा पडला. कंत्राटदार आला, म्हणाला, "वरवरचं आहे", प्लास्टर मारून गेला. दीड वर्षात तिथेच पुन्हा, या वेळी मोठा तुकडा. सुदैवाने स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दुसऱ्या अभियंत्याने बघितलं तर आतली सळई सोलल्यासारखी झाली होती, पापुद्रे हाताने निघत होते. कुणी गंज साफच केला नव्हता. आम्हीही स्वस्तात झालं म्हणून गप्प बसलो होतो, ही आमची चूक. वरच्या मजल्याच्या मोरीची गळती वर्षानुवर्षं तशीच होती.

भट्टीवाला
@तिसरा_मजला, हे फार बरं केलंत लिहिलंत. सळई गंजली की तिच्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. तो आतून ढकलतो. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून ते तडकतं. चांगलं, घट्ट काँक्रीट स्वतः अल्कधर्मी असतं आणि सळईला जपतं. पाणी मुरलं, खारं वाळू-पाणी वापरलं, किंवा सळईवरचं काँक्रीट पातळ राहिलं, की ते कवच जातं. वरून प्लास्टर मारणं म्हणजे पू तसाच ठेवून पट्टी बांधणं. आधी गळती बंद करायची, मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, सळई पांढरी दिसेपर्यंत घासायची, फार झिजली असेल तर जोडसळई द्यायची, गंजरोधक लावायचं, आणि मग भराव. स्लॅबखाली सळईच्या रेषेत सरळ चीर दिसली किंवा तांबूस ओघळ दिसला तर वाट बघू नका. कुणीही वाचत असाल तर आज घरी वर मान करून बघा.

घाटमाथा
हावडा पुलाचं वाचलं होतं. लोकांनी पान खाऊन थुंकून थुंकून खांबांच्या पायथ्याची लोखंडी आवरणं झिजून निम्म्यावर आली, शेवटी तिथे फायबरग्लासची आवरणं बसवावी लागली. चुना, कात, लाळ आणि वर बंगालची दमट हवा.

काळी_माती
शहरातली मंडळी लोखंडावर बोलतायत. आमच्या गहू-सोयाबीनच्या गंजावर कुणी बोलेल का? आम्ही त्याला तांबेरा म्हणतो, काही जण गेरवा. इंग्रजीत त्यालाही रस्टच म्हणतात.

तांबेरा पडलेल्या गव्हात शिरून बघा. पानाला हात लावला की बोटं विटकरी होतात. पांढरं धोतर नेसून आजोबा बांधावरून आत गेले आणि बाहेर आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं होतं, हे माझ्या आईने सांगितलेलं. तो रंग म्हणजे बुरशीची बीजं. गव्हावर तीन तांबेरे आहेत, काळा, नारिंगी आणि पिवळा. पिवळ्याला थंडी लागते, तो उत्तरेकडचा. आपल्याकडे काळा आणि नारिंगी. काळा खोडावर बसतो, भरत्या दाण्याचं पोट आत ओढून घेतो. ओंबी उभी दिसते आणि मळल्यावर हातात फोलपट येतं.

हा येतो कुठून? उन्हाळ्यात आपल्या शेतात गहू नसतो, मग बुरशी जगते कशावर? आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी हे शोधलं. मैदानात उन्हाने ती मरते, पण निलगिरी, पळणीसारख्या थंड डोंगरांत वर्षभर कुठल्या ना कुठल्या गव्हावर टिकून राहते आणि हिवाळ्यात वाऱ्यावर बसून आपल्याकडे येते. शेकडो कोस. आपल्या महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं? तिथली थंड दमट हवा तांबेऱ्याला मानवते, म्हणून गव्हाचं नवं वाण तिथे तांबेऱ्यासमोर उभं करून पारखतात. आणि जुन्या खपली गव्हाला तांबेरा सहसा वाकवू शकत नाही, हे आमच्या म्हाताऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

सोयाबीनवर तो सांगली-कोल्हापूरकडे भारी. पानाच्या खालच्या बाजूला बारीक पुटकुळ्या, चार-सहा दिवसांत सगळं रान पिवळं. कसबे डिग्रजच्या केंद्राने काढलेलं फुले संगम हे वाण त्याच्यापुढे तग धरतं म्हणून आम्ही ते लावतो. लोखंडाचा गंज घासून जातो. पिकाचा गंज दिसला तेव्हा उशीर झालेला असतो.

शाईदौत
@काळी_माती, अप्रतिम. प्राचीन रोममध्ये रोबिगस नावाचा तांबेऱ्याचा देव होता. दरवर्षी 25 एप्रिलला त्याची पूजा करून कुत्र्याचा बळी देत, पिकाला हात लावू नकोस म्हणून. आणि श्रीलंकेत 1869 मध्ये कॉफीवर तांबेरा आला, पुढच्या काही वर्षांत कॉफीचे मळे बसले आणि तिथे चहा आला. "सिलोनचा चहा" जगात गाजला त्यामागे ही बुरशी आहे.

नावाची गंमत बघा. इंग्रजीतला रस्ट "तांबडा" या अर्थाच्या फार जुन्या धातूपासून आला, आपला "रुधिर" त्याच मुळातला. आपण तांब्यावरून तांबेरा म्हटलं, गेरूवरून गेरवा म्हटलं. दोन्हीकडे माणसाने आधी रंग बघितला.

दवाखाना_गल्ली
एक गैरसमज दूर करते, कारण रोज ऐकते. "खिळा गंजलेला नव्हता, मग इंजेक्शन कशाला?" धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, गंजलेल्या खिळ्याच्या खडबडीत अंगावर ती माती अडकते, आणि खिळा खोल जातो. खोल, हवा न पोचणारी जखम या जंतूंना हवीच असते. गोठ्यात पडलेला कोरा करकरीत खिळाही तेवढाच धोक्याचा. जखम साबण-पाण्याने धुवा, दवाखान्यात जा. दर 10 वर्षांनी डोस घ्यायचा असतो, मोठी माणसं तो विसरतात.

औषधी_खल
आमच्याकडे गंज औषधातही येतो. मंडूर म्हणजे लोखंडाचं जुनं कीट. ग्रंथांत तर शंभर वर्षांचा मंडूर उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठचा कनिष्ठ असं सांगितलंय. जितका जुना तितका चांगला, असं गंजाबद्दल दुसरं कोण म्हणेल! पुनर्नवा मंडूर हा पांडुरोगावरचा, म्हणजे रक्त कमी होण्यावरचा, नावाजलेला कल्प. पण तो शोधन, मारण असे संस्कार करूनच. कुणी कृपया घरचा तवा खरवडू नये, आणि रक्त कमी असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

सुईदोरा
श्रीकाळहस्तीच्या कलमकारीतला काळा रंग गंजलेल्या लोखंडाचाच असतो. गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात घालून आंबवतात आणि हिरड्यात भिजवलेल्या कापडावर त्या पाण्याने रेघ मारली की ती काळी उमटते. मी एकदा शिकायला गेले होते. त्या माठाचा वास आणि ती रेघ काळी होत जाताना बघणं, दोन्ही विसरणार नाही. आणि दुकानदार ज्याला "रस्ट कलर" म्हणतात त्या साडीला माझी आई विटकरी म्हणायची. विटकरीच म्हणा की.

रात्रपाळी
सगळं वाचून माझी भर. मी संगणकाचं काम करतो, आमच्याकडे रस्ट नावाची भाषा आहे. ऑफिसात आम्ही चेष्टेत तिला "गंज" म्हणतो. आज @काळी_माती वाचून कळलं की आम्ही चुकीचा शब्द वापरतोय!

गोष्ट अशी. 2006 मध्ये ग्रेडन होर नावाचा प्रोग्रामर व्हँकुव्हरला एकविसाव्या मजल्यावर राहत होता. इमारतीच्या लिफ्टचं सॉफ्टवेअर कोलमडायचं आणि त्याला जिने चढावे लागायचे. संगणकाच्या मेमरीच्या हाताळणीतल्या चुकांनी असे प्रोग्राम पडतात हे त्याला माहीत होतं, म्हणून त्या चुका आधीच पकडणारी भाषा त्याने स्वतःच्या वेळात लिहायला घेतली. पुढे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने पाठबळ दिलं, 2015 च्या मे महिन्यात 1.0 आवृत्ती आली, 2022 च्या अखेरीस लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. आणि नाव? त्याने ते तांबेऱ्याच्या बुरशीवरून ठेवलं. ती बुरशी काही केल्या मरत नाही, टिकून राहते, हे त्याला भावलं. म्हणजे मराठीत या भाषेला तांबेरा म्हणायला हवं.

काळी_माती
@रात्रपाळी, ज्याने आमची रानं खाल्ली त्याच्या चिवटपणाचं कुणाला कौतुक वाटलं हे ऐकून आधी राग आला. मग पटलं. चिवट आहेच तो.

वर्धाकाठ
विळा-कोयत्याचं राहिलं. जंग लागला तर चिंच किंवा लिंबू-मीठ चोळून रात्रभर ठेवा, सकाळी विटेच्या पुडीने घासा, लगेच कोरडं करून गोडं तेल लावा. तव्याचंही तेच, फक्त तेल लावून मंद आचेवर तापवा. ओला तवा पालथा घालून ठेवणं म्हणजे जंगाला आवतन.

संत्रासाल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. "पितळेला गंज चढत नाही" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग @गोलाईकर यांचं "गंज दिवस झाले" आलं आणि त्या एकदम गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझी आई असंच म्हणायची." त्यांचं माहेर नगर जिल्ह्यातलं. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा त्या सहज म्हणाल्या होत्या, "बाजारात गंज माणसं होती." जावा हसल्या. म्हणाल्या, माणसांना गंज चढतो का गं? त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द तोंडातून काढला नाही. बेचाळीस वर्षं झाली. मी गंज मागितला तेव्हा त्या आधी दचकल्या त्या भांड्यांमुळे, पण नंतर रात्री त्यांना झोप आली नाही ती या आठवणीने. हे त्यांनी मला आत्ता सांगितलं.

आज सकाळी त्यांनी फोन करून धाकट्या बहिणीला विचारलं, "गंज दिवस झाले, कधी येतेस?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग दोघी रडत हसत होत्या. आमचा उभट पातेल्याचा गंज आता ओट्यावर माझ्या बाजूला असतो.

गोलाईकर
डोळे भरून आले. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि मावशींना लातूरला घेऊन या, गोलाई दाखवतो.

सुडी_वळई
संत्रासाल, सासऱ्यांनी ती गंज झाकली का त्या दिवशी? भिजली असेल तर वरच्या दोन थरांच्या पेंढ्या काढून उन्हात उभ्या करा. एकदा आतून तापली की कडबा काळा पडतो, मग जनावर तोंड लावत नाही.